गाडी मागून वाजते तेव्हा: मागचं सस्पेन्शन कसं तपासायचं, कसं दुरुस्त करायचं

मागच्या सस्पेन्शनची तक्रार गाडी चालवणारा क्वचितच करतो. तो पुढे बसतो आणि स्टिअरिंगमधून त्याला पुढच्या चाकांची खबर मिळत राहते. मागच्या सीटवरची मंडळी मात्र "अरे, जरा हळू घे, कंबर मोडली" म्हणून सांगत असतात आणि आपण सगळा दोष रस्त्याला देतो. मग एक दिवस डिकीच्या बाजूने ठक ठक सुरू होते. गाडी गॅरेजला जाते आणि खाली न वाकताच निदान होतं: "मागचे शॉकअप गेलेत, साहेब."

कधी ते खरोखर गेलेलेही असतात. पण दोन्ही शॉकअप बदलून, बिल चुकतं करून गाडी बाहेर काढावी आणि पहिल्याच खड्ड्यात तोच ठक पुन्हा ऐकू यावा, हा अनुभवही पुष्कळांचा आहे. वाजणारा भाग दुसराच असतो, बहुधा रबराचा आणि शॉकअपच्या मानाने किरकोळ किमतीचा. म्हणून आधी खाली काय काय असतं ते समजून घेऊ, म्हणजे गॅरेजवाल्याशी बोलताना निदान प्रश्न तरी नेमके विचारता येतील.

खाली असतं तरी काय

स्विफ्ट, आय-ट्वेन्टी, अर्टिगा, होंडा सिटी, २०१९ पासूनची वॅगनआर या सगळ्या गाड्यांचं मागचं सस्पेन्शन एकाच घराण्यातलं आहे. मागून वाकून पाहिलंत तर दोन्ही चाकांच्या मध्ये एक जाड आडवा पत्र्याचा बीम दिसेल. तो टॉर्शन बीम. बहुतेक गाड्यांत त्याचा आकार बंद पाइपासारखा नसतो, पन्हळीसारखा एका बाजूने उघडा असतो, आणि तो तसा मुद्दाम ठेवलेला असतो. उघड्या आकाराचा बीम वाकायला कडक पण पिळायला मऊ असतो. डावं चाक खड्ड्यात उतरलं आणि उजवं सपाट रस्त्यावर राहिलं, की बीम थोडा पिळला जातो आणि दोन्ही चाकांना बऱ्यापैकी आपापलं हलता येतं. वळणावर गाडी एका अंगावर कलायला लागली, की तोच पीळ तिला आवरून धरतो. फोक्सवॅगनने १९७४ साली सिरोको आणि गोल्फ या गाड्यांत ही रचना आणली. पन्नास वर्षं झाली तरी लहान गाड्यांत ती टिकून आहे, कारण भाग कमी, खर्च कमी आणि डिकीला जागा भरपूर.

बीमच्या दोन्ही टोकांना एकेक आर्म असतो. आर्मच्या मागच्या टोकाला चाक, आणि पुढचं टोक एका जाडजूड रबरी बुशमधून (लोखंडी नळकांड्याभोवती चिकटवलेलं रबर) बॉडीला बोल्टने जोडलेलं. मागचा सगळा डोलारा पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे जागेवर धरणारे बुश फक्त हे दोनच. ब्रेक मारला, खड्डा लागला, वळण घेतलं, तरी सगळे धक्के शेवटी याच दोन रबरांवर येतात.

जुनी अल्टो किंवा २०१९ च्या आधीची वॅगनआर असेल तर रचना जरा वेगळी आहे. तिथे सरळ ॲक्सल, त्याला धरणारे दोन लांब आर्म, आणि ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून एक आडवा लॅटरल रॉड. या रॉडचे बुश गेले की गाडीचं मागचं अंग डोलायला लागतं. बोलेरो किंवा ओम्नीसारख्या पाट्यांच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांवर पेललेल्या, गाड्यांचं प्रकरण अगदी निराळं, ते इथे घेत नाही.

आता स्प्रिंग आणि शॉकअप. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं ते काम नव्हे. एवढी गोष्ट लक्षात ठेवली तरी बराच गोंधळ मिटतो. गाडी मागून खाली बसली असेल तर स्प्रिंगकडे किंवा डिकीतल्या ओझ्याकडे पाहायचं. खड्डा गेल्यावरही गाडी झुलत राहत असेल तर शॉकअपकडे. नुसत्या स्प्रिंगवर गाडी ठेवली तर बॉडी सेकंदाला साधारण एक-दीड वेळा वर-खाली होत राहील. त्याच वेळी टायर आणि स्प्रिंग यांच्या मध्ये सापडलेलं चाक त्याच्या कितीतरी पट वेगाने, सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरतं. या दोन्ही हालचाली शमवणं हे शॉकअपचं काम.

तो ते करतो तेलाच्या जोरावर. बँकेच्या काचेच्या दाराला वर जो क्लोजर असतो, सोडलेलं दार सावकाश मिटवणारा, त्याच्या आत जे घडतं तेच इथे. नळीत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि पातळ चकत्यांचे व्हॉल्व्ह. तेलाला त्या भोकांतून घुसायला जोर लागतो आणि झुलण्यातली ताकद उष्णतेत जिरते. दाबलं जाताना शॉकअप तुलनेने मऊ असतो, उलट परत लांबताना कितीतरी कडक. तेलाला फेस येऊ नये म्हणून बहुतेक शॉकअपमध्ये थोड्या दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. सील झिजलं की आधी तेल पाझरतं, गॅस निघून जातो, मग फेसाळलेल्या तेलात पिस्टन मोकळाच धावतो.

हे सगळं इतक्या हळू होतं की रोज चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. शॉकअप बनवणाऱ्या काही कंपन्या ८०,००० किलोमीटरला बदलायचा सल्ला देतात. तो आकडा म्हणजे कायदा नाही. एक्स्प्रेसवेवर धावलेली गाडी त्याच्या पुढेही आरामात जाईल, आणि खोदकाम चालू असलेल्या शहरात रोज फिरणारी त्याच्या बरीच आधी हात टेकेल. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच आणि गोलसर असावा असं आहे, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा. आपल्या गल्लीच्या तोंडाशी रातोरात उगवलेला त्या मापात बसतो का, ते ज्याने त्याने टेप लावून पाहावं.

ओझ्याचा हिशेब

मागच्या सस्पेन्शनवर ओझ्याचा परिणाम पुढच्यापेक्षा जास्त होतो. इंजिनाचं वजन पुढे, ते कायमचं. मागे मात्र एकटा माणूस ऑफिसला जाताना जवळजवळ काहीच नाही, आणि गणपतीला कोकणात निघताना मागे तिघं, डिकीत पिशव्या आणि वर कॅरिअर. लहान हॅचबॅकची माणसं-सामान मिळून वाहण्याची मर्यादा साधारण ४०० ते ४५० किलोच्या घरात असते. पाच मोठी माणसं बसली की त्यातले सव्वातीनशे-साडेतीनशे किलो तिथेच संपतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो: पूर्ण भारासह वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की झालं.

त्यात बाहेरून बसवलेली सीएनजी टाकी असेल तर ती लोखंडी टाकी आणि तिची फ्रेम मिळून एखादा माणूस कायम डिकीत बसवून ठेवल्यासारखं होतं. कंपनीतून सीएनजी लागून येणाऱ्या गाड्यांत सस्पेन्शन त्या वजनाच्या हिशेबाने जुळवलेलं असतं. बाहेर किट बसवणारे सहसा तिकडे पाहतही नाहीत. मग स्प्रिंग रिकाम्या गाडीतच अर्धी दबलेली, आणि तीन माणसं मागे बसली की प्रत्येक मोठ्या गचक्याला बीम बंप स्टॉपवर धप्प आदळतो. बंप स्टॉप म्हणजे शेवटचा आधार म्हणून ठेवलेला रबराचा किंवा फोमचा ठोकळा. हा धप्प आवाज शॉकअप बदलून जात नाही.

आधी डिकी रिकामी करा

तपासायला सुरुवात गाडीखालून नको, डिकीतून करा. स्टेपनीचा मधला बोल्ट सैल, जॅक त्याच्या खोबणीत नीट न बसलेला, मागचा पार्सल ट्रे, मागच्या सीटची पाठ अडकवणारा खटका, नंबर प्लेट. यांतला प्रत्येक जण हुबेहूब सस्पेन्शनसारखा वाजू शकतो. सगळं बाहेर काढा, सीटची पाठ घट्ट अडकवा, आणि रोजच्या वाईट रस्त्यावर एक चक्कर मारा. मग सायलेन्सर थंड असताना तो हाताने हलवा. ज्या रबरी कड्यांवर तो टांगलेला असतो त्यांतलं एखादं तुटलं की तो बीमवर किंवा बॉडीवर आपटतो.

टायरची हवा मोजा. कंपनीने सांगितलेला आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, आणि बऱ्याच गाड्यांत पूर्ण भारासाठी मागच्या टायरला वेगळा, जास्तीचा आकडा दिलेला असतो. हवा बेसुमार असेल तर धड सस्पेन्शनही खडबडीत वाटतं.

आणखी एक युक्ती, फुकटची. मागे ड्रम ब्रेक असतील तर मोकळ्या, रिकाम्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही असं पाहून, हळू वेगात खडबडीत भागावरून जाताना ब्रेक पेडल किंचित दाबून धरा. आवाज तेवढ्यापुरता थांबला तर ड्रममधले ब्रेक शू सैल आहेत. बिचाऱ्या सस्पेन्शनचा त्यात काही दोष नाही.

आवाज ऐकताना

आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, हे जास्त कामाचं. बारीक बारीक खाचांवरून हळू जाताना लागोपाठ ठक ठक होत असेल, तर शॉकअपच्या वरच्या किंवा खालच्या टोकाचं रबर झिजलंय, नाहीतर तिथला नट सैल आहे. शॉकअप स्वतः आतून धडधाकट असू शकतो. गाडी सुटताना एकदा आणि ब्रेक मारून थांबताना एकदा असा जड ठक येत असेल, तर बीमचे मोठे बुश पाहा, कारण त्या दोन क्षणी बीम पुढे-मागे ओढला जातो. पार्किंगच्या रॅम्पवर हळू चढताना कुईं कुईं होत असेल आणि पावसात ती गायब होत असेल, तर रबर कोरडं घासतंय. हा त्रासदायक आवाज आहे, धोक्याचा सहसा नसतो. टंग असा धातूचा आवाज एखाद्या मोठ्या खड्ड्यात आला आणि तेव्हापासून गाडी एका बाजूला किंचित बसली, तर स्प्रिंग तुटली असं धरून चाला.

वेगाबरोबर वाढत जाणारी घूं घूं मात्र वेगळ्या खात्यातली. तो सहसा चाकाच्या बेअरिंगचा आवाज असतो, किंवा वाकडातिकडा झिजलेल्या टायरचा. लांब वळणावर आवाज वाढला किंवा कमी झाला तर बेअरिंगवर संशय घ्यायचा.

पाहणं, मोजणं, हलवून बघणं

गाडी सपाट जागेवर उभी करा, डिकी रिकामी. टेप घेऊन चाकाच्या बरोबर मध्यापासून मडगार्डच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, दोन्ही बाजूंना. जमिनीपासून मोजू नका, नाहीतर हवेतला फरकही त्यात मिसळेल. दोन्ही बाजूंत चार-पाच मिलिमीटरचा फरक सोडून द्या; दीड-दोन सेंटीमीटरचा निघाला तर कारण शोधायला हवं. आकडे लिहून ठेवा, पुढे दुरुस्तीच्या वेळी ते फार कामाला येणार आहेत.

मग टायर. तळवा टायरच्या नक्षीवरून गोल फिरवा, आधी एका दिशेने, मग उलट. ठरावीक अंतरावर उंचवटे-खळगे हाताला लागले, तर ते चाक रस्त्यावर टेकून धावलेलं नाही, उड्या मारत धावलंय. शॉकअप मेल्याचा हा सगळ्यांत बोलका पुरावा, आणि तो हाताने दाबून केलेल्या परीक्षेपेक्षा खरा. चाक हवेत असताना ते ना ब्रेक घेत, ना वळण धरत. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली गाडीही खडबडीत उतारावर अशा वेळी जास्त अंतर घेऊन थांबते. म्हणून मेलेला शॉकअप हा आरामाचा प्रश्न राहत नाही.

हाताने दाबायची परीक्षा सगळ्यांना ठाऊक आहे: डिकीच्या कोपऱ्यावर जोर देऊन गाडी दोन-तीनदा हलवायची आणि सोडून द्यायची. वर येऊन थांबली तर ठीक, पुन्हा पुन्हा झुलली तर शॉकअप गेला. नापास झालेला खरोखर नापास असतो. पास झालेल्याची मात्र खात्री नाही. हाताने दाबताना पिस्टन अगदी सावकाश हलतो, रस्त्यावर तो त्याच्या कितीतरी पट वेगाने हलतो. अर्धामुर्धा झिजलेला शॉकअप हाताखाली सभ्यपणे वागतो.

नंतर टॉर्च घेऊन शॉकअपचं अंग पाहा. वरच्या भागावर तेलाचा पुसट ओलावा आणि त्यावर चिकटलेली बारीक धूळ, एवढ्यावर घाबरू नका. रॉडबरोबर थोडं तेल बाहेर येतंच. पण अर्ध्याहून खाली ओघळ आला असेल, बोट लावल्यावर ओलं तेल लागत असेल, तर तो संपला. रॉडवरचं धूळ-कव्हर फाटलंय का, आतला बंप स्टॉप भुगा होऊन पडलाय का, तेही पाहा. किनारपट्टीच्या गाड्यांत स्प्रिंगच्या अगदी खालच्या वेढ्याकडे खास लक्ष द्यायचं. तिथे माती आणि खारा ओलावा साचतो, रंग उडतो, गंज धरतो आणि तुटलेलं टोक स्प्रिंगच्या वाटीतच लपून राहतं. रत्नागिरीकडची किंवा गोव्यातली जुनी गाडी विकत घेताना तर ही जागा ब्रशने साफ करून बघायलाच हवी.

बीमचे मोठे बुश नुसत्या नजरेने कळत नाहीत. गाडी घोडीवर (उचललेली गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर) किंवा रॅम्पवर घेऊन, मेकॅनिकने टॉमीचं, म्हणजे लोखंडी पहारीचं, टोक आर्म आणि बॉडीच्या ब्रॅकेटच्या मध्ये घालून हलक्या हाताने रेटायचं. धड बुशमध्ये आर्म किंचित हलतो आणि हात सैल केला की आपल्या जागी परततो. रबर ताणलेलं दिसतं पण सलग. गेलेल्या बुशमध्ये रबर आणि लोखंडी कड्याच्या मध्ये काळी फट उघडते, कधी त्यातून रबराचा भुगा गळतो, आणि आर्म ठक करून दुसऱ्या बाजूला टेकतो. वरवरच्या बारीक चिरा वयाच्या असतात, त्या चालतात. बऱ्याच गाड्यांत या बुशमध्ये कंपनीनेच ठेवलेल्या पोकळ्या असतात. त्यांना फाटलेलं समजून धडधाकट बुश बदलले जातात, हेही होतं. फट रबराच्या मधोमध गुळगुळीत कडेची असेल तर ती मुळातली. लोखंडापासून रबर सुटून झालेली, खरबरीत कडेची असेल तर ती झीज.

तसंच, उंच वेगात लेन बदलताना गाडीचं मागचं अंग अर्धा क्षण उशिरा येतंय, आपल्या मनानेच थोडं वळतंय असं वाटत असेल, तर तेही या बुशचंच काम. आवाज नसतानाही हे लक्षण दिसू शकतं.

एक सूचना, पुन्हा पुन्हा द्यावी लागली तरी चालेल: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. घोडी लावा, पुढच्या चाकांना दगड लावा, मगच खाली जा. आणि टॉर्शन बीमच्या मधोमध जॅक कधी लावू नका. तो पिळण्यासाठी बनवलेला आहे, गाडीचं ओझं मधोमध पेलण्यासाठी नाही.

शॉकअप बदलताना

शॉकअप जोडीनेच बदलायचे. एक नवा कडक आणि दुसरा जुना सैल, अशी गाडी ब्रेक मारताना आणि वळणावर दोन्ही बाजूंना सारखी वागत नाही. काम मात्र एका वेळी एकाच बाजूचं करायचं. ज्या गाड्यांत स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो, तिथे बीमला जास्त खाली लोंबकळू न देण्याचं कामही शॉकअपच करतो. दोन्ही एकदम सोडले तर बीम खाली येतो, स्प्रिंग निसटते आणि ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो. म्हणून जिथे काम चाललंय त्या आर्मच्या चाकाकडच्या टोकाखाली जॅकचा आधार हवाच. शॉकअपच्या भोवतीच स्प्रिंग असेल, तर ती दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. त्याशिवाय वरचा नट उघडणं म्हणजे जिवाशी खेळ, ते काम घरी करायचंच नाही.

वरचा नट बऱ्याच गाड्यांत डिकीच्या अस्तरामागे असतो. नट फिरवताना आतला रॉडही फिरतो. त्यासाठी रॉडच्या टोकाला पाना धरायला जागा दिलेली असते, पण ती गंजलेली असली की माणूस थेट पकड घेऊन चकचकीत रॉड आवळतो. जुन्या शॉकअपचं ठीक आहे, तो भंगारातच जाणार. नवा बसवताना असं केलं, तर रॉडवर पडलेला चरा दर वेळी सीलवरून घासत जातो आणि काही महिन्यांत तेल बाहेर. नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ओढायचा. आडवा पडून राहिल्याने आत चुकीच्या जागी शिरलेली हवा त्याने बाहेर निघते. हे न केल्यामुळे नव्या शॉकअपची ठक ठक ऐकू येते आणि दुकानदाराशी भांडण होतं.

"नवे कशाला, भरून देतो," असं म्हणणारेही भेटतील. बाईकच्या पुढच्या फोर्कमध्ये तेल आणि सील बदलायची सोय मुळातच असते, तिथे हे योग्य. कारचा शॉकअप कारखान्यात कायमचा बंद केलेला असतो. तो कापून, मिळेल ते तेल भरून, वेल्डिंग केलं की बाहेरून चांगला दिसतो. आत ना गॅस, ना योग्य घट्टपणाचं तेल. त्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचा नवा घ्यावा. ते मिळण्याची अडचण नाही, गॅब्रिएलसारख्या कंपनीचे कारखाने चाकणला आणि नाशिकलाच आहेत. बिल आणि पॅकिंग मात्र तपासून घ्या.

बुश, आणि शेवटचा आटा

बीमचा बुश बदलायचा तर बीम पुढून सोडून खाली घ्यावा लागतो, जुना बुश प्रेसने बाहेर आणि नवा प्रेसने आत. मजुरी रबरापेक्षा जास्त होते, ती तशीच असते. काही ठिकाणी जुना बुश गॅसने जाळून काढतात. काम पटकन होतं, पण ज्या कड्यात नवा बुश घट्ट बसायचा ते कडंच तापून निघतं आणि त्यावरचा रंग जातो. नव्या बुशमधल्या पोकळ्यांची दिशा जुन्यासारखीच ठेवायची. बऱ्याचदा त्यासाठी खूण असते. ती फिरली तर गाडी पुढे-मागे जिथे मऊ हवी तिथे कडक आणि कडक हवी तिथे मऊ होते.

आता जे काम सर्रास चुकतं ते. बुशचं आतलं लोखंडी नळकांडं बोल्टने ब्रॅकेटमध्ये आवळलं की ते अजिबात फिरत नाही. बाहेरचं कडं आर्मला घट्ट. दोन्हींच्या मध्ये चिकटवलेलं रबर. म्हणजे चाक वर-खाली होतं तेव्हा काहीही घसरत नाही, फक्त रबर पिळलं जातं. आता गाडी हवेत आहे, चाकं आठ-दहा सेंटीमीटर खाली लोंबकळतायत, आणि मेकॅनिकने तिथेच बोल्ट पूर्ण आवळला. आर्म साधारण चाळीस सेंटीमीटरचा धरा. गाडी जमिनीवर टेकली की आर्म अकरा ते चौदा अंश फिरणार, आणि तेवढा पीळ त्या रबराला कायमचा. गाडी नुसती उभी असली तरी रबर ताणलेलं. वर खड्ड्यांचा मार. असा बुश वर्षभरात फाटला तर नवल नाही, आणि मग "डुप्लिकेट माल निघाला" म्हणून दुकानदाराच्या नावाने खडे फोडले जातात.

उपाय सोपा आहे. बोल्ट आधी हातानेच बसवायचे, थोडेसे आवळायचे. मग गाडी चाकांवर उभी असताना, नाहीतर आर्मखाली जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीवर आणून, शेवटचं आवळणं करायचं. नेहमीची उंची कोणती? आधी टेपने मोजून लिहून ठेवलेली. स्प्रिंग बसल्यामुळे जुनी उंचीच कमी झाली असेल तर नवी स्प्रिंग टाकून, गाडी खाली ठेवून, थोडी पुढे-मागे करून मग आवळायचं. शॉकअपच्या खालच्या बोल्टलाही हाच नियम, कारण तिथेही रबरी बुशच असतो. घट्टपणा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे, टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने. मेकॅनिकला हे काम देतानाच "शेवटचा आटा गाडी खाली ठेवून मारा" एवढं सांगितलं तरी पुरे. जाणकार असेल तर तो तुमच्याकडे जरा आदराने बघेल.

स्प्रिंग आणि जोडधंदे

बसलेली स्प्रिंग तापवून ताणून देणारे असतात. स्प्रिंगच्या पोलादाचा कस उष्णतेच्या ठरावीक प्रक्रियेतून येतो. गॅसच्या ज्वाळेत तो जातो आणि स्प्रिंग थोड्याच दिवसांत पुन्हा बसते किंवा तुटते. वेढ्यांच्या मध्ये अडकवायचे रबरी बफर हाही लोकप्रिय प्रकार. त्याने गाडी वर येते हे खरं, पण बफर ज्या वेढ्यात बसतो तो काम करेनासा होतो आणि त्याचं काम उरलेल्या वेढ्यांवर पडतं. एखाद्या लांबच्या प्रवासापुरतं चालवून घेता येईल. झिजलेल्या स्प्रिंगवर इलाज म्हणून नाही. स्प्रिंग घेताना पार्ट नंबर पाहायचा, कारण एकाच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाडीला वेगवेगळी स्प्रिंग असू शकते. ती ओळखायला स्प्रिंगवर रंगाच्या खुणा असतात. बाहेरून सीएनजी बसवलेल्यांनी आपल्याच मॉडेलच्या कंपनी-सीएनजी गाडीची स्प्रिंग बसते का, याची चौकशी आधी करावी. बसवताना स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या खोबणीला टेकलेलं हवं आणि रबरी बैठक नवी हवी.

काम झाल्यावर हँडब्रेकची केबल, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर आपापल्या क्लिपमध्ये परत बसली का ते पाहा. मग चारही चाकांचं अलाइनमेंट मोजून घ्या. टॉर्शन बीमच्या मागच्या चाकांना साधारणपणे टो (वरून पाहता चाक किती आत-बाहेर वळलंय) किंवा कॅम्बर (समोरून पाहता ते किती कललंय) जुळवायची सोय नसते. त्यामुळे अलाइनमेंटवाल्याने "मागचंही ॲडजस्ट केलं" म्हणून पैसे लावले तर कुठे आणि कसं, ते दाखवायला सांगा. मागचे आकडे मर्यादेबाहेर असतील तर बीम वाकलाय, नाहीतर हबची, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाची, जागा. कधीतरी डिव्हायडरला घासलेलं मागचं चाक आठवून पाहा.

नवे शॉकअप आणि बुश घातल्यावर गाडी पहिले काही दिवस कडक वाटते. घरचे लोक तसं बोलूनही दाखवतील. सैल गाडीची सवय झालेली असते, आठवड्याभरात ती मोडते. त्यानंतरही बारीक खाचांवर ठोके बसत असतील तर हवा पुन्हा मोजा, आणि डिकीचं अस्तर काढून वरच्या नटावर पाना एकदा लावून बघा.